पेरलेली हराळी

बोरी अरबच्या बाजूला बळीराम मनवरचं वावर कोणतं, असं विचारलं तर लोक दिशा सांगत नसत. ज्या वावरात हराळीची काडी दिसणार नाही ते बळीरामचं, एवढंच सांगत. त्याच्या बापानं नाल्याकाठचं हे वावर घेतलं तेव्हा त्यात माती कमी आणि हराळीच जास्त होती. म्हणून तर ते त्याच्या वाट्याला आलं. चांगली जमीन त्या काळी गावकुसाबाहेरच्या या लोकांना विकत होतं कोण? बाप त्या हराळीशी झगडता झगडता गेला आणि उरलेली बळीरामनं निपटली.

हराळी काय चीज आहे, हे ज्यानं वावर केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. दूर्वांची जुडी विकत घेणाऱ्याला ती गरीब बिचारी वाटते. तीच कपाशीच्या ओळीत शिरली की माणसाची झोप जाते. वरून कापली तर खालून येते, नांगरली तर तुकड्यातुकड्यातून येते, उन्हाळ्यात वाळून कोळसा झाली म्हणून जरा हुश्श करावं तर कुठं ओल लागली की पुन्हा हजर. बळीरामनं किती उन्हाळे कुदळ घेऊन तिच्या मुळ्या खणल्या आणि वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, नेऊन जाळल्या, त्याचा हिशेब त्यालाच नाही. त्याच्या बोटांची नखं कायमची काळी झाली ती त्यातच.

अशा माणसानं गेल्या श्रावणात नदीकाठून हराळीचं पोतं भरून डोक्यावर आणलं आणि स्वतःच्या हातानं स्वतःच्या वावरात, विहिरीपाशी, ओळीनं लावलं. गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. शेजारच्या वावराचा शाम धुऱ्यावर उभा राहून हसला. म्हणाला, काका, नदीवर कशाला गेला, माझ्या धुऱ्यावरची न्यायची होती, फुकट दिली असती. बळीराम नेहमीसारखा उलटून बोलला नाही, खाली मान घालून लावत राहिला. मग शामला कारण कळलं आणि तो संध्याकाळी मुकाट्यानं पाणी द्यायला आला.

कारण संघदीप. बळीरामचा एकुलता एक मुलगा. दारव्ह्याला शिकला, मग अमरावतीला, मग पुण्यात नोकरीला लागला. कंपनी पाणी उपसायची मोठाली यंत्रं बनवायची, आणि ती बसवून द्यायला हा देशोदेशी हिंडायचा. साहेबाच्या नादानं गोल्फ शिकला. पुढे साहेब राहिला बाजूला आणि हाच त्यात बुडाला. जिथं जाईल तिथं काम आटोपलं की एक दिवस जास्तीचा काढायचा आणि तिथलं मैदान खेळून यायचा. मलेशियात खेळला, व्हिएतनाममध्ये खेळला, केनियात मैदानाच्या कडेला माकडं बसलेली असताना खेळला. स्कॉटलंडात तर समुद्रावरच्या वाऱ्यापावसात दात वाजेपर्यंत खेळला आणि वर म्हणाला, मजा आली.

प्रत्येक मैदानातून घरी व्हिडिओ कॉल यायचा. त्याची आई तुळसाबाई फोन हातभर लांब धरून ते हिरवंगार रान पाहायची आणि दर वेळी एकच विचारायची, की एवढं सगळं गवत निंदतं कोण. जन्म तण खुरपत, निंदणात गेलेली बाई दुसरं काय विचारणार? बळीराम मागे बसून नुसता हुंकार द्यायचा. धडधाकट माणसानं काठीनं चेंडू मारत उन्हात कोसभर चालायचं आणि वर त्याचे पैसेही आपणच द्यायचे, हे काही त्याच्या डोक्यात बसत नव्हतं. एकदा त्यानं स्पष्टच विचारलं की यात तुला भेटतं काय.

संघदीप म्हणाला, "दिवसभर मोकळ्या जाग्यात चालाले भेटते, बाबा. अन् कोनी विचारत नाही, की कोनाच्या वावरातून चालला म्हनून."

बळीरामनं पुन्हा कधी ते विचारलं नाही. शाळेत जाताना दुसऱ्याच्या धुऱ्यावरून गेला म्हणून या पोरानं लहानपणी एकदा पाठीवर बैल हाकायची तुतारी खाल्ली होती. ते बापलेक दोघांच्याही ध्यानात होतं, पण घरात तो विषय कोणी काढत नसे.

दोन वर्षांपूर्वी संघदीपनं आईबापाला थायलंडला नेलं. तुळसाबाईनं सोनेरी बुद्धविहारं डोळे भरून पाहिली, आणि एका सकाळी संघदीप बापाला घेऊन मैदानावर गेला. तिथं प्रत्येक खेळणाऱ्यामागे एक बाई, डोक्याला फडकं, वर मोठी टोपी, हातांना बाह्या. बळीरामला वाटलं, निंदणाच्या बायका आल्या. त्या काठ्यांच्या पिशव्या ओढायला लागल्या तेव्हा तो चाट पडला. मग त्याची नजर खाली गेली. तो वाकला, एक काडी उपटून बोटांत फिरवली, आणि जन्माचा वैरी परदेशात भेटावा तसा तिच्याकडे पाहत राहिला. ही तर हराळी. पैसे देऊन लोक हराळीत फिरत होते आणि वर तिला पाणी घालत होते. त्यानं सवयीनं आणखी दोन-चार काड्या मुळासकट ओढल्या तेव्हा एक माणूस लांबून शिट्टी फुंकत पळत आला.

एवढ्यावर भागलं नाही. पुढे गवतात कोणाचा तरी चेंडू पडलेला दिसला. बळीरामनं तो उचलला, धोतराला पुसला आणि लांबून येणाऱ्या कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या हातात नेऊन दिला. हरवलेली वस्तू ज्याची त्याला दिली, तर साहेबाचा चेहरा आंबट. संघदीप हसून हसून खाली बसला. मग त्यानं बापाला समजावून सांगितलं की इथं चेंडू हरवलेला नसतो, तो जिथं पडला तिथंच राहू द्यायचा असतो, आणि ज्याचा चेंडू त्यानंच तो हलवायचा, दुसऱ्यानं बोटही लावायचं नाही. बळीरामला हा कायदा मात्र पटला. वावराच्या धुऱ्याच्या दगडालाही तोच कायदा असतो.

त्या दिवशी संघदीपनं फार आग्रह केला, की बाबा, एक चेंडू मारून पाहा. काठी हातातही दिली. पण आजूबाजूला परकी माणसं उभी, एवढ्या बायका पाहत असलेल्या. बळीरामनं काठी परत दिली आणि म्हणाला, "इतल्या लोकायसमोर नाही. घरी गेल्यावर मारीन."

घरी कुठलं आलं मैदान? सगळ्या यवतमाळ जिल्ह्यात असलं काही नाही हे दोघांनाही माहीत होतं. पण संघदीपनं ते बोलणं गाठीला बांधून ठेवलं.

त्यानंतर वर्ष उलटलं नसेल, संघदीपच्या पोटात दुखण्याचं निमित्त झालं आणि निघालं भलतंच. कॅन्सर. नागपूरला केमोचं सलाईन सुरू झालं. पुण्याच्या बंद घरात जीव लागेना म्हणून संघदीप आणि त्याची बायको शीला गावी येऊन राहिले. येताना त्यानं काठ्यांची पिशवी आणली होती. चौथ्या-पाचव्या दिवशी ओसरीत बसल्या बसल्या तो बापाला म्हणाला, "बाबा, तुमी कबूल केलं होतं. घरी मारीन म्हने."

बळीरामनं त्याच्याकडे पाहिलं. अंगावरचं मांस गेलेलं, डोक्यावर केस नाही, आणि डोळे मात्र थायलंडातले. दुसऱ्याच सकाळी तो पोतं घेऊन नदीवर गेला.

ते दोन-तीन महिने, खरं सांगायचं तर, त्या घरात सुखाचे गेले. संघदीप विहिरीपाशी कडुनिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून सांगायचा आणि बळीराम करायचा. जागा फळीनं सपाट केली. पाण्यानं भरलेला ड्रम आडवा लोटून दाबली. शेळ्यांचे केस कापायची कातर आणून हराळी बसल्या बसल्या कापली, विणलेल्या सतरंजीसारखी होईपर्यंत. मधोमध पावडरचा रिकामा डबा पुरून भोक केलं. तुळसाबाईनं निळ्या कापडाची पट्टी फाडून काडीला बांधली, झाला झेंडा. तीस वर्षं जिला शिव्या घातल्या तिच्या मुळाशी बळीराम आता बोटानं ओल तपासायचा. तुळसाबाई चिडवायची, की माझे एवढे लाड कधी केले नाहीत.

दिवाळीच्या सुमाराला जागा अशी झाली की संघदीपनं चप्पल काढून त्यावर पाय ठेवला आणि डोळे मिटून घेतले. म्हणाला, स्कॉटलंडात अशी नव्हती. हे खोटं होतं, बापालाही कळलं, पण त्याची छाती भरून आली. एक सलाईन घेऊन यायचं, आल्यावर पहिला चेंडू बाबांचा, असं ठरवून नवराबायको नागपूरला गेले.

दोन दिवसांनी शीलाचा फोन आला. डॉक्टरांनी सलाईन बंद केलं होतं. आता देऊन उपयोग नाही म्हणाले. ताप आहे, तो उतरला की घरी न्या. किती दिवस, असं बळीरामनं विचारलं. शीला म्हणाली, महिना. फार तर दोन.

बळीरामनं फोन खाली ठेवला आणि तसाच वावरात गेला. घरात बसवेना. हातांना काहीतरी काम पाहिजे होतं. थंडीनं हराळीचा रंग जरासा उतरला होता. त्याला वाटलं, पोरगं येईल तेव्हा ती हिरवीगार दिसली पाहिजे. दुसरं आपल्या हातात आहे तरी काय? पाण्यात मिसळून फवारायचं खत घरी होतं, पण त्याच्या पंपाचा वायसर गेलेला. शामच्या विहिरीवरच्या झोपडीत त्याचा पंप ठेवलेला असे. शाम नव्हता, बळीरामनं पंप आणला. दुसऱ्याचा पंप सोड्यानं धुतल्याशिवाय वापरू नये, हे सगळ्या गावाला ऐकवणारा हा माणूस. त्या दिवशी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तळाशी थोडं उरलेलं होतं, त्याला ते पाणी वाटलं. वरून खत टाकलं, विहिरीचं पाणी भरलं आणि त्या एवढ्याशा जागेवर त्यानं एकदा उभं, एकदा आडवं, कोपराही न सोडता फवारलं.

नागपूरहून निघणं लांबत गेलं. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. इकडे हराळी पिवळी पडायला लागली. आधी त्याला वाटलं थंडी. मग कडेची तूर पाहिली, तिचीही पानं पिवळी पडून आवळलेली. तो शामकडे गेला. शामचा चेहरा विचारताच उतरला. त्यानं धुऱ्यावरची हराळी मारायला तणनाशक मारलं होतं आणि उरलेलं पंपातच राहिलं होतं. त्याचा काही दोष नव्हता, बळीराम तसं त्याला म्हणालाही. पंप दारात ठेवून तो परत आला. काही दिवसांत सगळी जागा वाळून चटईसारखी झाली.

आयुष्यभर जी मरता मरेना, ती नेमकी या वेळी मेली. बळीराम जेवेना. तुळसाबाईनं दोन दिवस पाहिलं, मग त्याच्या तोंडून काढून घेतलं आणि म्हणाली, आल्यावर पोराला सांगून टाका, तो काही रागावणार नाही.

"काय सांगू?" बळीराम म्हणाला. "तुह्यासाठी लावली अन् म्याच मारली, असं सांगू?"

त्यानं सांगितलं नाही. गाडी आली तेव्हा संघदीपला उतरायला दोघांचा आधार लागला. दुसऱ्या सकाळी त्यानं वावराचं नाव काढलं. बळीराम म्हणाला, थंडी आहे, उद्या जाऊ. संघदीप ऐकेना. शेवटी शीलानं गाडी थेट विहिरीपर्यंत नेली.

खुर्ची तिथंच होती. संघदीप बसला, पण आधी त्यानं पाहिलं. निळा झेंडा आणि त्याच्या भोवती मेलेलं गवत. तो वाकला, तळवा त्या चटईवरून फिरवला, कडेच्या तुरीकडे पाहिलं. बळीराम पाठ करून विहिरीत डोकावत उभा होता. थंडीनं असं होते, एवढं एक वाक्य त्यानं रात्रभर तयार करून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

"बाबा," संघदीप म्हणाला, "असं मैदान पाह्यलं म्या. ऑस्ट्रेलियात. तिकडं आत वायवंटात पानीच नाही. गवत नाही, काही नाही. सगयं असंच भुरं असते अन् लोक मजेत खेयतात. चेंडू उलटा चांगला पयते."

बळीराम वळला. "खरंच?"

"त म्या खेयलो ना तिथं. आना ती काठी."

मग बळीरामनं चेंडू मारला. काठी कुदळीसारखी धरून पहिल्यांदा हाणली ती जमिनीत, आणि मातीचं ढेकूळ उडून हरभऱ्यात पडलं. संघदीप एवढा हसला की त्याला खोकला लागला आणि शीलाला पाठ चोळावी लागली. दुसऱ्यांदा चेंडू लागला, टणक आवाज झाला, आणि तो भुऱ्या जागेवरून धावत जाऊन विहिरीच्या पाण्याच्या दांडात गडप झाला. तुळसाबाई म्हणाली, गेलं तुमचं पीक पाण्यात. बळीराम हसला. किती दिवसांनी हसला.

मग संघदीप उठला. शीलानं एका बाजूनं धरलं. त्यानं स्वतःचा चेंडू खाली टाकला, बराच वेळ भोकाकडे पाहिलं आणि हळूच टोला दिला. चेंडू वाळलेल्या हराळीवरून सरळ गेला आणि भोकाच्या अलीकडे वीतभर थांबला. आता एवढा टाकून टाक, असं बळीराम म्हणाला, पण पोराचे पाय थरथरत होते. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "उद्या टाकतो. तोवर राहू द्या तिथंच."

"मले मालूम हाय," बळीराम म्हणाला. "कोनी हात लावत नाही."

तो उद्या आला नाही. संध्याकाळी ताप भरला आणि त्यानंतर संघदीप खाटेवरून उठला नाही. पौर्णिमेच्या आत गेला. भंतेजी आले, वंदना झाली, माणसं आली आणि पांगली. शीला पुण्याला परत नोकरीवर गेली. हरभरा निघाला, तूर निघाली. चेंडू तिथंच होता. बळीराम रोज जायचा, त्याच्या बाजूनं चालायचा, आणि वाऱ्यानं झेंडा पडला असला तर उभा करायचा. त्याच्या मनाला एकच गोष्ट कुरतडत होती. पोरगं भुऱ्या जमिनीवर खेळून गेलं. जे द्यायचं मनाशी ठरवलं होतं ते आपण त्याला दिलं नाही. मग तो स्वतःला समजवायचा, की त्याला काही वाटलं नसेल, त्यानं तसली मैदानं पाहिली होती. ऑस्ट्रेलियात. एवढ्या आधारावर त्यानं उन्हाळा गाठला.

जयंतीसाठी एप्रिलात शीला गावी आली. निळे झेंडे लागले होते, मिरवणूक होती. दुसऱ्या सकाळी चहा घेताना बळीरामनं सहज म्हणून तिला विचारलं, की ऑस्ट्रेलियात ते वाळवंटातलं मैदान कोणत्या गावाला आहे, तू होतीस का सोबत.

शीला गोंधळली. "ऑस्ट्रेलियाला ते कधी गेलेच नाहीत, बाबा. जायचं ठरलं होतं, व्हिसा पण निघाला होता. मग दवाखाना लागला."

बळीरामनं कप खाली ठेवला. म्हणजे त्या सकाळी पोराला सगळं कळलं होतं. तळवा फिरवला, तूर पाहिली, बापाची पाठ पाहिली, आणि बापाला खाली पाहावं लागू नये म्हणून त्यानं खुर्चीत बसल्या बसल्या एक देश खेळून दाखवला. बळीराम उठला आणि वावराकडे निघाला.

शाम ट्रॅक्टर घेऊन आधीच आला होता. नांगरट करायची होती, तसं ठरलं होतं. वरच्या बाजूनं दोन फेऱ्या मारून तो विहिरीशी येऊन थांबला होता. विहिरीच्या पाइपाचा सांधा गळत होता, कधीपासून कोण जाणे, आणि पाणी झिरपत झिरपत त्या भुऱ्या जागेखाली गेलं होतं. सगळं रान उन्हानं भाजून निघालेलं, आणि तेवढ्या जागेत हिरवं दिसत होतं. बळीराम जवळ गेला. हराळी आली होती. मेलेल्या चटईतून बारीक बारीक पाती वर काढून, चेंडूच्या चारी बाजूंनी, भोकाच्या काठापर्यंत.

तो खाली बसला. "आता कायले आली?" त्यानं तिला विचारलं. "तेव्हा कुठं गेली होती, आता कायले आली?" आणि तो म्हातारा जमिनीला हात टेकून रडायला लागला. पोराला नेलं त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. शामनं ट्रॅक्टर बंद केला आणि लांबच उभा राहिला.

बऱ्याच वेळानं शाम जवळ आला. चाचरत म्हणाला, काका, चेंडू जरा बाजूला ठेवतो, नांगर फिरवतो आणि परत जागच्या जागी आणून ठेवतो. बळीरामनं नाही म्हणून मान हलवली. एवढी जागा सोडून बाकीचं नांगर, म्हणाला. मग उठून झोपडीतली कातर आणली, पुन्हा बसला आणि चेंडूला धक्का लागणार नाही अशा बेतानं त्याच्याभोवतीची हराळी एकेक पात करून कापू लागला.